गावात बसून पॉडकास्ट आणि त्यातून कमाई : विदर्भातल्या नव्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीकडची पोरं-पोरी, मास्तर, शेतकरी, बचत गटातल्या ताया जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न जसे विचारले गेले तसेच, बोलीत ठेवले आहेत. उत्तरं अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आहेत.

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय? युट्यूब चॅनल आणि त्यात काय फरक?

पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनी येणारा बोलका कार्यक्रम. रेडिओला वेळ गाठावी लागते, हा ऐकणाऱ्याला सवड मिळेल तेव्हा ऐकता येतो. तुम्ही ऑडिओ एका ठिकाणी चढवता, तिथून आरएसएस फीड नावाची एक दुवा-यादी तयार होते, आणि स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट अशी ॲप ती यादी वाचून नवा भाग आपोआप दाखवतात. तोच कार्यक्रम युट्यूबवरही टाकता येतो. गावात सुरुवात करणाऱ्याने दोन्हीकडे टाकावा, कारण ऐकणारे युट्यूबवर जास्त सापडतात.

आमच्या इकडं कोन ऐकते पॉडकास्ट?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण शहरातला, कानात महागडे इअरफोन घातलेला श्रोता डोळ्यांसमोर आणतात. आपला श्रोता वेगळा आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगेत एखादीच्या ओटीत मोबाईल असतो आणि त्यावर गाणी, कीर्तन, नाहीतर कुणाचा तरी व्हिडिओ वाजत असतो. पडद्याकडे कुणी पाहत नाही, कारण दोन्ही हात बोंडांत गुंतलेले असतात. ट्रॅक्टरवर वखरणी करणारा, रात्री थ्री फेज लाइन आली म्हणून ओलिताला गेलेला, रोही आणि रानडुकरांच्या भीतीने मचाणावर जागणारा, दूध डेअरीवर घेऊन जाणारा, आर्वी-पुलगाव किंवा वणी-चंद्रपूर एसटीने रोज जाणारी नर्स, या सगळ्यांचे कान मोकळे असतात आणि डोळे कामात असतात.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भागाला ऐकण्याची सवय आहे. ती सवय आता मोबाईलवर आली आहे. आपल्या शेताबद्दल, आपल्या बोलीत, आपल्या तालुक्याचं बोलणारं मात्र तिथे फार कमी आहे. जागा आहे ती तिथे. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की साऱ्या महाराष्ट्रासाठी कार्यक्रम करायला जाऊ नका. दोन तालुक्यांसाठी करा. पुढे पैशाचं जे सांगणार आहे, तेही याच गोष्टीवर उभं आहे.

मंग विषय कोनता घ्यावा?

आधी काय घेऊ नये ते सांगतो. रोजचे बाजारभाव आणि रोजचं हवामान घेऊ नका. तुम्ही रेकॉर्ड करून, कापून, चढवेपर्यंत कापसाचा भाव बदललेला असतो, आणि ती माहिती लोकांना व्हॉट्सॲपवर आधीच मिळालेली असते. शिळा भाग कुणी ऐकत नाही, आणि मागचे पन्नास भाग एकदम निरुपयोगी होऊन बसतात.

महिन्याभराने, वर्षाने ऐकला तरी उपयोगी पडेल असा विषय घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कधी आणि कसे लावायचे, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) का ठेवू नये, यावर दरवर्षी नवा श्रोता मिळतो. वरुड-मोर्शीकडे असाल तर संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार, फळगळ, कलमांची निवड, यावरच दोन वर्षं पुरतील एवढे भाग निघतात. माहिती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडून घ्या आणि अनुभव शेजारच्या शेतकऱ्याकडून. एकाच भागात दोघं आले की भागाला वजन येतं.

शेती सोडूनही पुष्कळ आहे. ब्रह्मपुरी-वडसा भागात असाल तर झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात ती होळीपर्यंत चालतात. त्यातले कलावंत, हार्मोनियमवाले, पडदे रंगवणारे, मंडळाचे कार्यकर्ते यांच्याकडे रात्ररात्र पुरतील इतक्या गोष्टी आहेत. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं. तिच्याबद्दल आतून बोलणारा आवाज गावातलाच हवा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी कार्यक्रम चालतो. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ-बिबट्याने जनावर मारलं तर पंचनामा कसा करून घ्यायचा, कागद कोणते लागतात, हा एक भाग शेकडो घरांच्या कामी येतो. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारा असाल तर त्या भाषेत करा. श्रोते थोडे असतील, पण ते तुम्हाला सोडून जाणार नाहीत.

विषय पक्का करण्याआधी कागदावर वीस भागांची नावं लिहा. बारा-तेरावर अडकलात तर विषय बदला.

माह्या तोंडात वऱ्हाडीच येते. शुद्ध भाषा जमत नाही. चालते का?

चालते, आणि तसंच बोला. प्रमाण भाषेत बोलायचा प्रयत्न केला की माणूस अडखळतो, आवाज ताठ होतो आणि ऐकणाऱ्याला तो लगेच परका वाटतो. वऱ्हाडी असो की झाडीबोली, ज्या बोलीत तुम्ही चावडीवर बोलता त्याच बोलीत बोला. फक्त औषधाचं प्रमाण, तारीख, कागदपत्राचं नाव अशा गोष्टी सावकाश आणि दोनदा सांगा.

खर्च किती येतो?

हातातला मोबाईल पुरतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, तेवढा घ्या. पाहुण्यासोबत बोलायचं असेल तर दोन. कर्ज काढून कॅमेरा, लाइट, मोठा माइक घेऊ नका. पहिले दहा भाग निघाल्याशिवाय पुढचा रुपया खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. दागिना मोडून सामान आणलेलं आणि ते तसंच पेटीत पडलेलं मी पाहिलं आहे.

घरात फार आवाज असतात. स्टुडिओ कुठून आणायचा?

रेकॉर्डिंग बिघडवणाऱ्या तीन गोष्टी आहेत : पंखा-कूलर, टिनाचं छत आणि मोकळ्या भिंतींवरून परत येणारा घुमारा. उन्हाळ्यात कूलर बंद करून बोलणं अवघड, म्हणून एप्रिल-मे मध्ये पहाटे पाचला बसा. पावसाळ्यात टिनाखाली बसूच नका. देवळाचा भोंगा, शाळा सुटण्याची वेळ, गावातली पिठाची गिरणी, यांचं वेळापत्रक तुम्हाला पाठ असेलच. त्यातली शांत अर्धा तासाची फट शोधा.

घुमाऱ्यावर आपल्याकडे फुकटचा आणि उत्तम उपाय आहे. वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली कापसाने भरते. कापूस आवाज चांगला पिऊन टाकतो. त्या खोलीच्या दाराशी, कापसाकडे तोंड करून बोला आणि रेकॉर्डिंग ऐका. शहरातले लोक भिंतींना फोम लावून जे मिळवतात, ते तुम्हाला तिथे मिळेल. दोन काळज्या घ्या. आत चार्जरची लोंबती वायर, उदबत्ती, विडी असं काहीही नको. आणि साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून आत बसून राहू नका. कापूस विकला गेला की गाद्या, दुलया, धान्याची पोती वापरा. दोन खाटा उभ्या करून त्यांवर गोधड्या टाकल्या तरी काम होतं.

माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार येत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर टाका. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. पुढे आवाजातली खरखर काढताना ती उपयोगी पडते. संगणक हाताशी असेल तर ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर शिका. मोबाईलवरच काम करायचं तर कापणं, जोडणं आणि आवाज वरखाली करणं, एवढं येणारं कोणतंही ॲप पुरेसं आहे.

नेटवर्क धड नाही. भाग चढणार कसा?

रेकॉर्डिंगला नेट लागतच नाही. चढवतानाच लागतं, आणि बोलण्याची फाइल तुम्हाला वाटते तेवढी मोठी नसते. एकाच आवाजाची फाइल मोनो (डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज) एमपी३ मध्ये ६४ केबीपीएसवर (हा आकडा जितका लहान, तितकी फाइल लहान) काढली तर अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीचा होतो. १२८ केबीपीएसवर दुप्पट. संगीत नसेल तर ६४ चालतं. पहाटे नेट मोकळं असतं तेव्हा चढवा, नाहीतर तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा.

पाहुणा लांब असेल तर फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करू नका, त्याचा दर्जा वाईट असतो. फोनवर गप्पा चालू ठेवा, आणि दोघांनी आपापला आवाज दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग पाहुण्याला ती फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवली की दोन्ही फाइली जुळवणं सोपं जातं.

भाग ठेवायचा कुठे? त्याचे पैसे लागतात का?

स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स मोफत आहे. पूर्वी याचं नाव अँकर होतं. स्पॉटिफायने ते २०१९ मध्ये विकत घेतलं. सुरुवातीला तेवढं बस. चौकोनी चित्र लागतं, ३००० बाय ३००० पिक्सेलचं केलं की सगळीकडे चालतं. चित्रावर नाव मोठ्या अक्षरांत लिहा, मोबाईलवर ते नखाएवढं दिसतं.

खातं स्वतःच्या ईमेलवर काढा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात बहुतेक खाती भाच्याच्या नाहीतर मोबाईल दुकानदाराच्या जीमेलवर निघतात, आणि पैसे यायची वेळ आली की पासवर्ड कुणाकडेच नसतो. मूळ रेकॉर्डिंग स्वतःजवळ, एका मेमरी कार्डवर जपून ठेवा. गूगल पॉडकास्टसारखं मोठ्या कंपनीचं ॲपही २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांच्याकडे फीड आणि फाइली होत्या त्यांचं काही अडलं नाही.

लोक म्हणतात, लिंक नको, फाइलच व्हॉट्सॲपवर टाक. टाकावी का?

पूर्ण भाग टाकू नका. फाइल दहा ग्रुपवर फिरली तर गावभर ऐकली जाईल, पण मोजणीत एकही ऐकणारा दिसणार नाही. पॉडकास्टच्या जगात डाउनलोड मोजण्याचा नियम आहे : निदान एक मिनिटाचा ऑडिओ उतरवला गेला तर एक, आणि चोवीस तासांत त्याच माणसाने पुन्हा उतरवला तरी एकच. व्हॉट्सॲपवर फिरणारी फाइल या हिशेबात येतच नाही, आणि उद्या जाहिरातदारासमोर तुमच्याकडे दाखवायला आकडा उरत नाही.

दीड-दोन मिनिटांचा सर्वात चटकदार तुकडा आणि त्याखाली लिंक, असं टाका. तुकड्यात उत्तर अर्धं सांगून अडवून ठेवू नका, लोकांना ते खटकतं. एक पूर्ण मुद्दा द्या आणि बाकीचे मुद्दे भागात आहेत म्हणून सांगा. व्हॉट्सॲप चॅनल काढलं तर तुमचा नंबर लोकांना दिसत नाही आणि ग्रुपमधल्या भांडणांपासूनही सुटका होते. ज्या आजोबांना लिंक उघडता येत नाही त्यांच्या मोबाईलवर एकदा स्वतः जाऊन चालू करून द्या. ते कामही आपलंच समजा.

पैसे कवा भेटतीन?

युट्यूबचा नियम आधी समजून घ्या. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि बारा महिन्यांत ३,००० तास पाहिलं गेलं की पहिली पायरी मिळते. त्यात श्रोते सभासद होऊन किंवा थेट पैसे देऊन मदत करू शकतात. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास लागतात. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतून ५५ टक्के तुमचे.

४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. समजा एक श्रोता सरासरी दहा मिनिटं ऐकतो, तर वर्षाला २४,००० वेळा ऐकलं जायला हवं. दर आठवड्याला एक भाग काढला तर प्रत्येक भाग साधारण ४६० वेळा. दोन तालुक्यांच्या कार्यक्रमाला हे अवघड आहे, पण हाताबाहेरचं नाही. तरी एवढं करून पहिल्या वर्षात त्यातून घर चालेल, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शंभर डॉलर जमा झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत.

स्पॉटिफायची पैसे वाटण्याची मोठी योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली ती अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

पहिला पैसा जवळून येतो. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराकडून.

दुकानदार आपल्याला कशाला पैसे देईल? तीनशे लोक तर ऐकतात.

मोठ्या कंपन्या दर हजार ऐकणाऱ्यांमागे पैसे मोजतात. त्या मापाने तीनशे श्रोत्यांचे चहाचे पैसेही निघणार नाहीत. म्हणून त्या मापाने विकूच नका. शेंदूरजनाघाटच्या संत्रा नर्सरीवाल्याला पुण्या-मुंबईच्या लाखभर श्रोत्यांचा काही उपयोग नाही. वरुड-मोर्शीचे तीनशे बागायतदार मात्र त्याचं सगळं गिऱ्हाईक आहे. तुमच्याकडे तेच तीनशे असतील तर तुमची किंमत आहे, आणि ती तुम्ही न लाजता सांगायला हवी.

हंगाम ओळखा. कृषी केंद्रवाला मे-जूनमध्ये खर्च करतो, नर्सरीवाला पावसाच्या तोंडावर. सोयाबीन विकून दिवाळीला हातात पैसा येतो तेव्हा सराफ, कापडवाले आणि दुचाकीचे शोरूम तयार असतात. क्लासवाले निकालांनंतर. लग्नसराईत मंडप, बँड, फोटोवाले. त्याच्या हंगामाआधी महिनाभर जा, ऐन गर्दीत गेलात तर तो मान वर करून पाहणारही नाही.

जाताना काय न्यायचं? शेवटच्या चार भागांचे आकडे छापून न्या. श्रोत्यांचे पाच-सहा संदेश न्या, नावं झाकून. आणि त्याच्या दुकानाची तीस सेकंदांची नमुना जाहिरात स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मोबाईलवर ऐकवा. स्वतःच्या दुकानाचं नाव आपल्या बोलीत ऐकलं की पुढचं बोलणं सोपं होतं. सुरुवातीला एका भागापुरतं न बोलता महिन्याचं बोला : चार भाग, प्रत्येकात एकदा नाव, आणि व्हॉट्सॲपच्या तुकड्यात एकदा. नव्या कार्यक्रमाने महिन्याला दीड-दोन हजार मागायला हरकत नाही. पहिला महिना फुकट देऊ नका, फुकट दिलेलं कायम फुकटच राहतं. फार तर कमी घ्या, पण घ्या. निम्मे आधी, निम्मे महिनाअखेर, यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. एका कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या करा. भाऊबंदकीतला दुकानदार असला तर आवर्जून करा.

परिणाम त्याला दिसला पाहिजे. ‘पॉडकास्ट ऐकून आलो’ म्हटल्यावर काहीतरी लहानशी सूट ठेवायला सांगा. महिन्याला दहा माणसं जरी तसं म्हणत आली तरी पुढच्या वर्षी तो तुम्हाला शोधत येईल.

कोणत्या जाहिराती घेऊ नयेत?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला तो सर्वात मोलाचा वाटतो. शेजारी तुमच्या शब्दावर फवारणी करणार आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते इथलं कुणी विसरलेलं नाही. म्हणून कीटकनाशकाची जाहिरात घेतलीच तर लेबलवर आहे त्यापलीकडे एक शब्दही बोलू नका आणि हातमोजे-मास्कचं त्याच जाहिरातीत सांगा. लेबल नसलेली पुडी, ‘दोन औषधं मिसळा’ असले सल्ले, मान्यता नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं, या गोष्टी कितीही पैसे मिळोत, घेऊ नका.

मधुमेह, मूतखडा, मूल होणं, कर्करोग यांवर हमखास इलाज म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. अशा जाहिरातींवर १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने बंधन आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात २०२५च्या कायद्याने गुन्हा आहे. निवडणुकीत उमेदवाराचे पैसे घेतले की गावातले निम्मे श्रोते त्याच दिवशी गेले समजा.

जी जाहिरात घ्याल ती जाहिरात आहे हे सुरुवातीलाच सांगा. तसा नियमही आहे, आणि लोकांनाही ते आवडतं.

बँक, पॅन, टॅक्स यांचं काय?

वय अठरा पूर्ण हवं. ॲडसेन्स म्हणजे युट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात ते गूगलचं खातं. त्यावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच ठेवा. ‘भाऊराव’ एका ठिकाणी आणि ‘भावराव’ दुसऱ्या ठिकाणी असेल तर आधी ते सुधारून घ्या. दहा डॉलर जमा झाले की पत्ता खरा आहे का हे तपासायला डाकेने पिन, म्हणजे एक गुप्त आकडा येतो. पत्त्यात पोस्टाचं गाव, तालुका, पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. परदेशातून पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो. खेड्यातल्या शाखेला तो बहुधा नसतो, जिल्ह्याच्या मुख्य शाखेत जाऊन विचारा.

अमेरिकन कराचा डब्ल्यू-८बेन हा अर्ज ॲडसेन्समध्येच भरायचा असतो. लोक तो टाळतात आणि नुकसान करून घेतात. समजा १,००० डॉलर मिळाले आणि त्यातले १०० अमेरिकेतल्या श्रोत्यांमुळे. अर्ज भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर त्या १०० वर १५ टक्के, म्हणजे १५ डॉलर कापले जातात. अर्जच नसेल तर पूर्ण १,००० वर २४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४० डॉलर जाऊ शकतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, पॉडकास्टचं नसतं. ते शेतीत मिसळून दाखवू नका. जाहिरातदार कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. एका कंपनीने पैशाऐवजी वस्तू दिल्या आणि वर्षाची किंमत २० हजारांवर गेली, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. जीएसटी नोंदणीचा प्रश्न सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यावर येतो, तोवर ती चिंता सोडा.

भुलाबाईची गाणी, भजनं, सिनेमाची धून वापरली तर चालेल?

सिनेमाची नको, दहा सेकंदही नको. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, दंडारीतली पदं परंपरेची आहेत, ती कुणा एकाची मालकी नाहीत. पण एखाद्या कंपनीने काढलेली ध्वनिफीत त्या कंपनीची असते. म्हणून आजीला बसवून नव्याने गाऊन घ्या. गाणाऱ्यालाही कायद्याने पन्नास वर्षं स्वतःचा हक्क असतो, तेव्हा परवानगी रेकॉर्ड करा आणि त्या भागातून पैसे आले तर तिचा वाटा तिच्या हातात द्या.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आपल्याकडे घरोघरी म्हटली जातात, त्यामुळे ती मोकळी आहेत असं वाटतं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. कार्यक्रमात वापरायची तर आधी परवानगी मागा.

मी बाई माणूस. घरच्यांना आवाज बाहेर गेलेला चालत नाही.

दोघी-तिघी मिळून करा. बचत गटाचा कार्यक्रम म्हणून केला तर घरात विरोध कमी होतो, आणि हाताने केलेले पापड, हळद, जवसाची चटणी यांची विक्री त्याच कार्यक्रमातून होते. कमाईचा तो सर्वात सरळ मार्ग आहे. नाव, फोटो, गाव सांगणं बंधनकारक नाही. नवा ईमेल काढा, स्वतःचा फोन नंबर कुठेही देऊ नका, आणि घाणेरड्या कमेंटना उत्तर न देता त्या माणसाला ब्लॉक करा. धमकी असेल तर स्क्रीनशॉट ठेवून पोलिसांत जा.

गावातल्या लोकांच्या मुलाखती घेताना काय पाळावं?

बोलण्याआधी कशासाठी रेकॉर्ड करतो आहोत आणि कुठे ऐकवणार आहोत हे सांगून त्यांचा होकार रेकॉर्डिंगमध्येच घ्या. नंतर ‘काढून टाक’ म्हणाले तर काढा, कारण विचारत बसू नका.

आत्महत्या झालेल्या घरात जाताना जास्त जपा. आपल्या भागाबद्दल बाहेरून आलेल्या कितीतरी लोकांनी त्या बायांना पुन्हा पुन्हा रडायला लावलं आणि निघून गेले. आपण तिथलेच आहोत, उद्या त्याच विहिरीवर भेटणार आहोत. मृत्यू कसा झाला ते विचारू नका. शेती आता कोण करतं, सातबारावर नाव लागलं का, पोरांची फी कशी भरली, हे विचारा. त्या भागात जाहिरात ठेवू नका.

जाहिरात सोडून दुसरी कमाई आहे का?

आहे, आणि ती बहुतेकदा आधी सुरू होते. ऑडिओ कापायला-जोडायला शिकलात की दुसऱ्यांचं काम मिळतं : कीर्तनकारांची रेकॉर्डिंगं, शाळेचे कार्यक्रम, प्रचाराच्या ऑटोवरची घोषणा, डॉक्टरांचे माहितीचे भाग. भागाच्या शेवटी यूपीआयचा क्यूआर ठेवून ऐच्छिक मदत मागता येते. मात्र आधी पैसे भरा मग प्रायोजक देतो, पाच हजारांत सबस्क्रायबर देतो, ओटीपी सांगा, असं म्हणणारा प्रत्येक फोन फसवणुकीचा समजा.

पेरणीच्या दिवसात भाग काढायला वेळच नसतो. मंग बंद करावं लागन का?

नाही. मृगाआधी, मे महिन्यात आठ-दहा भाग रेकॉर्ड करून तारखा लावून ठेवा. भाग ठरल्या दिवशी आपोआप लागतो. ते भाग वीस मिनिटांचे केले तरी चालतील, त्या दिवसांत ऐकणाऱ्यालाही सवड कमी असते. तेवढेही झाले नाहीत तर श्रोत्यांना सरळ सांगा की पेरण्या आटोपेपर्यंत थांबतो, अमुक तारखेला परत येतो. आणि जाहिरातदाराच्या कागदावर ही सुटी आधीच लिहून ठेवा, म्हणजे जुलैत त्याचे पैसे परत करायची वेळ येत नाही.